विज्ञान समजावून सांगणं हाच व्यवसाय करायचा असेल तर

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालीय, तीन वर्षं सांगलीत खासगी क्लासमध्ये अकरावी-बारावीला शिकवताय, मुलं तासाला रमतात, पण नीट-सीईटीच्या धबडग्यात विज्ञान कुठेतरी मागे राहतंय असं वाटतं. विज्ञान लोकांपर्यंत नेण्याचं काम पूर्णवेळ करता येईल का, त्यासाठी कुठला कोर्स करावा, यूट्यूब चॅनल काढावं का, आणि यावर घर चालतं का.

घर चालतं. मी पंचवीस वर्षं हेच करतेय आणि माझं चाललं. पण येत्या जूनमध्ये क्लास सोडू नका, आणि चॅनलपासून सुरुवात तर मुळीच करू नका. असं का म्हणते ते सांगायला मला जरा मागे जावं लागेल.

माझा पहिला मोठा कार्यक्रम सोलापूर जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये झाला. विषय चंद्राच्या कला. ओव्हरहेड प्रोजेक्टरसाठी मी रात्र रात्र जागून रंगीत पारदर्शिका काढल्या होत्या. दीड तास बोलले. टाळ्या झाल्या, शाल-श्रीफळ झालं. एसटी स्टँडपर्यंत माझी पिशवी सायकलला अडकवून सातवीतला एक मुलगा सोडायला आला. तो सगळा वेळ पहिल्या रांगेत बसला होता, मान डोलावत होता. चालता चालता सहज विचारलं, "काय रे, चंद्र कमी-जास्त का दिसतो?" तो म्हणाला, "पृथ्वीची सावली पडते ना बाई त्याच्यावर."

दीड तास मी जे नाही असं सांगत होते, तेच त्याने मला सांगितलं. तो ढ नव्हता आणि त्याचं लक्ष नव्हतं असंही नाही. सावलीचं उत्तर त्याच्या डोक्यात आधीपासून होतं, आणि खरं सांगायचं तर ते विचार करून काढलेलं उत्तर आहे. चंद्राचा काही भाग काळा दिसतो, म्हणजे कशाची तरी सावली असणार, आणि जवळ सावली पाडण्याएवढं मोठं काय आहे, तर पृथ्वी. माझ्या पारदर्शिका त्याने या उत्तराच्या शेजारी नेऊन ठेवल्या. मूळ उत्तर जागचं हललं नाही, कारण ते काय आहे हे मी त्याला विचारलंच नव्हतं.

आता मी हाच विषय प्रोजेक्टरशिवाय करते. पौर्णिमेनंतरची अष्टमी कालनिर्णयात बघून ठेवायची. त्या दिवशी सकाळी आठ-साडेआठला अर्धा चंद्र पश्चिमेच्या बाजूला आकाशात असतो आणि सूर्य पूर्वेला वर आलेला असतो. मुलांना मैदानावर न्यायचं आणि आधी विचारायचं: चंद्र अर्धा का? सावलीचं उत्तर हमखास येतं. ते फळ्यावर लिहायचं, खोडायचं नाही. मग विचारायचं, सूर्य कुठे आहे? तिकडे. चंद्र? इकडे. आणि पृथ्वी? आपल्या पायाखाली. मग तिची सावली चंद्रावर पडेल कशी? इथे शांतता होते. ती मोडू नका, निदान मिनिटभर तरी. त्यानंतर प्रत्येकाच्या हातात एक लिंबू द्यायचं आणि हात लांब करून ते चंद्राच्या अगदी शेजारी दिसेल असं उन्हात धरायला सांगायचं. लिंबाची जी बाजू उजळलेली दिसते, चंद्राचीही तीच दिसते. तेवढीच, त्याच बाजूची. बावीस-तेवीस वर्षं हे करतेय, तरी लिंबू वर धरल्यावर मुलांच्या तोंडून जो आवाज निघतो तो ऐकायला मी अजून दोन एसट्या बदलून जाते.

लिंबू महत्त्वाचं आहेच, पण मुख्य आहे त्याआधीचा प्रश्न. समोरच्याच्या मनात काय आहे हे ऐकून घेणं आणि तिथून सुरुवात करणं, या कामाची सगळी तालीम यात आहे. माझ्याकडे दोनशे पानी वह्यांचा एक गठ्ठा आहे, त्यात मुलांची, शिक्षकांची, बचतगटातल्या बायकांची उत्तरं आहेत, त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवलेली. "झाड मुळांनी जेवतं." "उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो." (पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, आपण शेकोट्या पेटवतो तेव्हा.) "बाराला सूर्य डोक्यावर असतो." हे शेवटचं वाक्य तर आपण सगळेच म्हणतो. प्रत्यक्षात सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो महाराष्ट्रात कुठल्याही एका गावी वर्षातून दोनच दिवस. मे महिन्याच्या सुरुवातीला सावंतवाडीकडून निघून महिनाअखेरीला तो नागपूरच्या वर जातो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्याच वाटेने परत येतो. पुण्यात १३-१४ मेच्या सुमाराला सावली पायाखाली नाहीशी होते ती बारा वाजता नाही, साडेबारा वाजता, कारण घड्याळ आपण ८२.५ अंश रेखावृत्ताचं लावतो आणि पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला आहे. मे महिन्यात शाळा बंद आणि जुलैत ढग, म्हणून हा प्रयोग शाळेत जवळजवळ कधीच होत नाही. मी तो सुट्टीत देवळाच्या आवारात करते. म्हातारी माणसंही येतात आणि सावलीबद्दल त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहिती असते.

तुम्ही क्लासमध्ये आहात, रोज समोर साठ डोकी आहेत. वहीचं काम उद्यापासून सुरू करता येईल, नोकरी न सोडता. म्हणून म्हटलं, जूनमध्ये सोडू नका.

दुसरी गोष्ट भाषेची. पाठ्यपुस्तकात 'कार्य' म्हणजे बल गुणिले विस्थापन. मुलाच्या घरी 'कार्य' म्हणजे लग्न किंवा मुंज. 'बल' म्हटलं की त्याला पैलवान आठवतो, आणि 'वजन' तर साहेबाचंही असतं. या शब्दांवरून मराठीला दोष देणारे खूप भेटतात. मला तसं वाटत नाही. एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत हे उघडपणे सांगितलं की मुलं ते मजेत सांभाळतात, लपवलं की गोंधळतात. आणि उलट बाजूही आहे: आपल्या भाषेत काही शब्द असे आहेत की त्यात अर्धा धडा तयार असतो. 'कवडसा' घ्या.

कौलारू घरात भिंतीवर कवडसा पडतो तो गोल असतो. कौलातलं भोक मात्र गोल नसतं, फुटलेलं, वेडंवाकडं असतं. मग कवडसा गोल का? मी हे शेकडो लोकांना विचारलंय. बहुतेक जण म्हणतात भोक गोल असेल, आणि मग वर बघून गप्प होतात. कवडसा हे सूर्याचं चित्र असतं. बारीक भोकातून सूर्याच्या प्रत्येक भागाचा उजेड आपापल्या दिशेने सरळ जातो आणि भिंतीवर सूर्याची उलटी प्रतिमा उमटते. भोकापासून भिंतीपर्यंत जितकं अंतर, त्याच्या साधारण १०८व्या भागाएवढा कवडसा पडतो. हेच प्रमाण खऱ्या सूर्याला लागू होतं. सूर्य आपल्यापासून १५ कोटी किलोमीटर, भागिले १०८, म्हणजे जवळजवळ १४ लाख किलोमीटर. सूर्याचा व्यास तेवढाच आहे. पट्टी आणि शिवणाची टेप घेऊन सहावीतली मुलं घरात बसून सूर्य मोजतात.

२६ डिसेंबर २०१९ला सकाळी सूर्यग्रहण होतं. कंकणाकृती पट्टा दक्षिणेकडून गेला, आपल्याकडे खंडग्रास. मी तळकोकणात एका शाळेत होते. ग्रहणचष्मे होते, मुलं होती, आणि शाळेशेजारच्या घरात एक सात महिन्यांची गरोदर मुलगी होती, तिला बाहेर यायची परवानगी नव्हती. सासूबाई दारातच म्हणाल्या, "आम्ही ग्रहण पाळतो." मी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांना भीती वाटत होती ती नातवंडासाठी, आणि ती भीती मलाही कळत होती. पाणी मागितलं, आत जाऊन बसले. साडेनऊ वाजत आले होते. पश्चिमेच्या भिंतीवर रुपयापेक्षा जरा मोठे चार-पाच कवडसे होते आणि प्रत्येक कवडसा चंद्रकोर झाला होता. सगळ्या कोरी एकाच दिशेला वळलेल्या. मी त्या मुलीला म्हटलं, भिंतीकडे बघ. ती बघत राहिली. मग सासूबाईंनी बघितलं. त्या उठून भिंतीजवळ गेल्या, हाताने कवडसा अडवून तळव्यावर घेतला आणि म्हणाल्या, "हे रोज इथंच पडतात की गं."

ग्रहण त्यांनी पुढेही पाळलंच असेल. मला त्यांनी विचारलं, बाळाला काही होतं का. मी सांगितलं, होत नाही. हा रोजचाच उजेड आहे, फक्त कमी. डोळ्यांनी थेट सूर्याकडे बघू नये, ते मात्र कुणीच बघू नये, ग्रहण असो-नसो. एवढंच बोलले. जे खरं आहे ते न लपवता सांगायचं, आणि समोरच्याला खाली बघायला लावायचं नाही. या दोन्ही गोष्टी एकदम सांभाळणं मला या कामात सर्वांत अवघड गेलंय, आणि ते कुठल्याही अभ्यासक्रमात मला शिकायला मिळालं नाही.

आता कोर्सचं. विज्ञानसंवादाची पदवी नसल्याने माझं कधी अडलं नाही. तुमची एम.एस्सी. पुरेशी आहे, ती पक्की ठेवा. शिक्षण या विषयात खोल जायचं असेल तर मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथे विज्ञानशिक्षणात पीएच.डी. होते, आणि मुलं कशी विचार करतात यावरचं त्यांचं काम वाचायलाच हवं. टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि अझीम प्रेमजी विद्यापीठ इथे शिक्षणशास्त्रात एम.ए. करता येतं. शाळेत कायम नोकरी हवी असेल तर बी.एड. आणि पात्रता परीक्षा लागतील, तो वेगळा रस्ता.

पदवीपेक्षा माणसांच्या कामाकडे बघून मी जास्त शिकले. मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ साली सुरू झालेला विज्ञान शिक्षण कार्यक्रम खेड्यातल्या सरकारी शाळांत मुलांना स्वतः प्रयोग करू देत होता. तो २००२मध्ये सरकारने बंद केला, पण त्यातून घडलेली माणसं आजही काम करताहेत. अरविंद गुप्ता १९७८मध्ये टेल्कोतून (आजची टाटा मोटर्स) वर्षभराची रजा घेऊन तिथे गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगपेटीच्या काड्या यांतून भूमितीचे सांगाडे बनवायला लागले. त्यांच्या संकेतस्थळावर मराठीतली कितीतरी पुस्तकं मोफत आहेत, एक उन्हाळा त्यासाठीच द्या. आणि जयंत नारळीकर. मुलं सही मागायला आली की ते म्हणत, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न पाठव, उत्तराखाली सही मिळेल. जगभर नाव असलेला शास्त्रज्ञ सातवी-आठवीतल्या मुलांना हाताने उत्तरं लिहीत होता. मे २०२५मध्ये ते गेले तेव्हा मला पहिली ती पोस्टकार्डं आठवली.

नोकऱ्या आहेत, पण जाहिरातींवर डोळा ठेवून बसावं लागतं. राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेच्या केंद्रांत, म्हणजे वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणी, शिक्षण विभागात पदं निघतात. पुण्यात आयुका (खगोलशास्त्राचं संशोधन केंद्र) आणि आयसर (विज्ञान शिक्षण-संशोधनाची संस्था) इथे लोकांसाठी आणि शाळांसाठी विज्ञानाचं काम चालतं. अशा संस्थांत प्रकल्पावर दोन-तीन वर्षांसाठी माणसं घेतात. अगस्त्यसारख्या संस्था फिरत्या प्रयोगशाळा चालवतात. पगार क्लासपेक्षा कमी असेल, हे आताच धरून चाला. आणि सरकारी म्हणजे कायमचं असंही समजू नका: केंद्र सरकारची विज्ञान प्रसार ही संस्था २०२३मध्ये बंद झाली.

मी स्वतंत्र काम करते, त्यामुळे माझा हिशोब सांगते. उत्पन्नाचा मोठा भाग शिक्षक-प्रशिक्षणातून येतो, त्याखालोखाल शाळांच्या कार्यशाळा, मग अनुवाद आणि लेखन. व्याख्यानातून जवळजवळ काही नाही. वर्षही एकसारखं नसतं. रामन परिणामाचा शोध २८ फेब्रुवारी १९२८चा, म्हणून त्या तारखेला विज्ञान दिन, आणि सगळा महाराष्ट्र तुम्हाला त्याच आठवड्यात बोलावतो. एप्रिल-मे मोकळे. त्यामुळे सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडल्याशिवाय क्लास सोडायचा नाही.

पैशाबद्दल पहिल्याच फोनवर बोला. आपल्याकडे "समाजकार्य आहे, आपण समजून घ्याल" असं म्हणायची पद्धत आहे. एका संस्थेने माझ्याकडून सहा महिने काम करून घेतलं आणि मानधनाचा विषय काढल्यावर सत्कार ठेवला. तेव्हापासून मी मानधन, प्रवास, राहणं आणि साहित्याचा खर्च हे चार आकडे ईमेलमध्ये लिहून घेते, मगच तारीख देते. ज्यांच्याकडे खरोखर नाही त्यांच्याकडे मी फुकट जाते, दरवर्षी जाते. पण ते मी ठरवते.

कंपन्यांचा सीएसआर निधी या क्षेत्रात बराच आहे. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात आणि शिक्षण त्यात बसतं. अडचण अशी की अहवालात लाभार्थ्यांची संख्या लागते, म्हणून एका दिवसात तीनशे-चारशे मुलं बसवायचा आग्रह होतो. चारशे मुलांसमोर तुम्ही फक्त फुगे फोडू शकता. धूर आणि स्फोट दाखवून मुलं ओरडतात, फोटो चांगले येतात, आणि कुणाच्या डोक्यातलं काहीही हलत नाही. मी एका सत्रात चाळीसच्या वर घेत नाही. या अटीमुळे कामं गेली आहेत. जाऊ द्या.

शिक्षक-प्रशिक्षणात सावध राहा, तिथे लाज फार लवकर वाटते. मी एक सेल, टॉर्चचा एक बल्ब आणि वायरचा एकच तुकडा देते आणि बल्ब पेटवायला सांगते. एकच वायर आहे म्हटल्यावर पंधरा वर्षं शिकवणारे गुरुजीही अडकतात, कारण पुस्तकातल्या आकृतीत दोन वायरी असतात आणि बल्बला नेमकी कुठे जोडणी आहे ते कुणी निरखून बघितलेलं नसतं. बल्बच्या आतल्या तारेचं एक टोक खालच्या टिपक्याला असतं, दुसरं बाजूच्या धातूच्या कडेला. मी उत्तर सांगत नाही, आणि कुणाला पुढेही बोलवत नाही. जोडीने करायला देते. (टॉर्चचे हे बल्ब आता तालुक्याच्या दुकानात मिळत नाहीत, सगळीकडे एलईडी. पांढरा एलईडी दीड व्होल्टच्या एका सेलवर पेटत नाही. कुठे मिळाले तर शंभर घेऊन ठेवा.)

लेखनाची सवय आत्तापासून लावा. मराठी विज्ञान परिषद १९६६पासून काम करतेय, तिची पत्रिका दरमहा निघते. 'सृष्टिज्ञान' १९२८पासून आहे. तिथे लेख पाठवा, परत आला तर का आला ते विचारा. लिहिलेलं आधी घरात विज्ञान न शिकलेल्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. ते जिथे जांभई देतील तिथे तुमचं वाक्य इंग्रजीत विचार करून लिहिलेलं असणार. आणि आकडे जपा. "धोका ५० टक्क्यांनी वाढला" ही बातमी हजारात दोघांऐवजी तिघांना झाली तरी खरीच असते. वाचणाऱ्याला दोन आणि तीन हे आकडे द्या, टक्के नंतर.

चॅनल काढा, पण एखादा विषय निदान वीस वर्गांत शिकवून झाल्यावर त्याचा व्हिडिओ करा. कॅमेरा मध्येच "पण बाई..." म्हणत नाही. समोरच्या मुलाचा चेहरा कुठे पडतो हे ज्याला माहीत आहे, तो कॅमेऱ्यासमोरही बरोबर त्याच जागी थांबतो. मराठीत असं करणारे थोडे आहेत आणि बघणारे खूप आहेत, तेव्हा घाई नाही.

पुढच्या कृष्ण अष्टमीची तारीख आज बघून ठेवा. आकाश मोकळं असेल तर सकाळच्या बॅचमधल्या पाच-सहा जणांना घेऊन क्लासच्या गच्चीवर जा. अकरावीचीच मुलं न्या, सावलीचं उत्तर त्यांच्याकडूनही येईल. लिंबू काढायच्या आधी त्यांनी काय सांगितलं ते शब्द न बदलता लिहून घ्या आणि मला पाठवा, मग पुढचं बोलू.